परदेशातला रोग आणि आमच्या दावणीचा भाव

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



गाईचा भाव कशावर ठरतो, हे काष्टीच्या, घोडेगावच्या किंवा लोणीच्या बाजारात कोणालाही विचारा. वेत कितवं, दूध किती, कास कशी, दात किती, गाभण असेल तर कितव्या महिन्यात. उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो तो याच हिशेबावर. गेल्या वीस वर्षांत या हिशेबात आणखी एक गोष्ट शिरली आहे. बाजारात ती कोणी बोलून दाखवत नाही, कारण ती कोणाच्या नजरेसमोर नसते. दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या गुरांना, कोंबड्यांना, डुकरांना काय झालं आहे, ही ती गोष्ट. कधी तिकडच्या रोगाआधी त्याची भीती इकडे येते, कधी भीतीची चाहूलही न लागता थेट रोगच गोठ्यात येतो. दोन्ही वेळी भाव पडतो तो आमच्या जनावराचा. मी संगमनेर तालुक्यात गाई पाळतो, डेअरीला दूध घालतो. माझ्यासारख्या लाखो घरांची जमापुंजी दावणीला बांधलेली आहे, म्हणून हे आपल्याला उघडपणे लिहितो आहे.

सुरुवात लम्पीपासून करतो. या चर्मरोगाची पहिली नोंद १९२९ मध्ये, आजच्या झांबियात झाली. नंतरची कित्येक दशकं तो आफ्रिकेतच राहिला. १९८९ मध्ये इस्रायलमध्ये दिसला, २०१३ मध्ये तुर्कस्तानात, २०१५ मध्ये ग्रीसमध्ये, पुढच्याच वर्षी बाल्कन देशांत. जुलै २०१९ मध्ये तो बांगलादेशात होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चीनच्या शिनजियांगमध्ये आणि आपल्या ओडिशात. २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रातच, तो येऊन गेला. मग २०२२ च्या उन्हाळ्यात कच्छ, तिथून राजस्थान, आणि ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातलं चिनावल.

मंत्रिमहोदय, या तारखा मी मुद्दाम एकापुढे एक मांडल्या. बांगलादेश ते चिनावल या प्रवासाला तीन वर्षं लागली. कच्छ ते चिनावल म्हटलं तरी काही महिने हातात होते. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड यांच्यावरून पसरणारा हा रोग कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या ऋतूत वाढतो, हे जगाला ठाऊक होतं. शेळ्यांच्या देवीची लस त्याच्यावर चालते, हेही ठाऊक होतं. या तीन वर्षांत ही माहिती पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदींत होती, दिल्लीच्या फाइलींत होती, पुण्याच्या औंधमधल्या आयुक्तालयालाही ती मिळण्यासारखी होती. गोठ्यापर्यंत मात्र ती आली नाही. २०२१ मध्ये ज्याने कर्ज काढून दोन गाई वाढवल्या, त्याला पुढच्या श्रावणात काय वाट्याला येऊ शकतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने कदाचित एकच गाय घेतली असती, दोन्हींचा विमा उतरवला असता, पावसाळ्याआधी लसीची मागणी केली असती, बाजारातून नवीन जनावर आणायचं पुढे ढकललं असतं. धोका पत्करायचा की नाही हे ठरवायचा हक्क त्याचा होता. तो त्याला बजावता आला नाही.

रोग आल्यावर राज्याने जे केलं, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. २०२२ संपेपर्यंत राज्यातल्या जवळपास सगळ्या गोवंशाला, सुमारे १ कोटी ४० लाख जनावरांना, मोफत लस टोचली गेली. गावोगावचे पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षक पावसात चिखल तुडवत गोठ्यागोठ्यात फिरले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. देशभरात त्या वर्षी दीड लाखाहून अधिक जनावरं दगावली. आपल्याकडे वेळेवर लस टोचली नसती तर तो आकडा आणखी फुगला असता. ज्यांची जनावरं मेली त्यांना मदतही मिळाली: दुधाळ जनावरामागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,०००, वासरामागे १६,०००.

आता या आकड्यांकडे माझ्या बाजूने बघा. पंधरा-वीस लिटर दूध देणारी, दुसऱ्या वेताची संकरित गाय साठ-सत्तर हजारांच्या खाली मिळत नाही, चांगली असेल तर लाखाच्या पुढे जाते. खिल्लार बैलाचं तर विचारूच नका. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि सांगोल्यापासून चाकणपर्यंत जातिवंत खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. नऊ महिने झाले नाहीत तोच लम्पीमुळे शर्यती, जत्रा, प्रदर्शनं आणि गुरांचे बाजार सगळं बंद करावं लागलं. बंदी योग्यच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या एका वर्षात खोंडाची किंमत चढली ती न्यायालयाच्या निकालाने आणि उतरली ती आफ्रिकेतून निघालेल्या एका विषाणूने. पाळणाऱ्याच्या मेहनतीचा या चढ-उताराशी काही संबंध नव्हता.

मेलेल्या जनावराची निदान नोंद होते. जगलेल्या जनावराचं काय? लम्पीतून उठलेली गाय मी पाहिली आहे. अंगावर गाठींचे व्रण, पाय सुजलेले, दूध निम्म्यावर, गाभण असेल तर गाभडलेली, पुढे माजावर यायला महिनोन् महिने. बाजारात तिच्याकडे बघून हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, पुढे निघून जातो. मदतीच्या यादीत ती कुठेच नाही, कारण ती मेलेली नाही. आपल्या राज्यात गोवंशाच्या भाकड जनावराला तसंही गिऱ्हाईक उरलेलं नाही, त्यामुळे ही गाय पुढची सगळी वर्षं पाळणाऱ्याच्याच दारात उभी राहते, चारा खात.

आणि तिसरी गाय आहे. ही कधी आजारीच पडली नाही. तरीही तिचा भाव गेला, कारण बाजारच महिनोन् महिने भरला नाही. गुरांचा बाजार ही आमच्याकडे एकरकमी पैशाची एकमेव खिडकी असते. मुलीचं लग्न, कॉलेजची फी, विहिरीचा हप्ता, यांसाठी कालवड किंवा गोऱ्हा बाजारात नेला जातो. बाजार बंद झाला की तो शेतकरी सावकाराकडे जातो किंवा गावातच पडेल भावाने जनावर देऊन टाकतो. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. बीड-पाथर्डीकडचा माणूस मुकादमाकडून उचल घेऊन त्यातून बैलजोडी विकत घेतो. २०२२ च्या त्या हंगामात वाहतुकीवर निर्बंध होते, बैलांनाही लम्पी होत होता, आणि उचल मात्र फेडायची होतीच. या तिसऱ्या नुकसानाचं पंचनाम्यात खानाच नाही. ते कोणी मोजलं नाही, म्हणून ते झालंच नाही असं सरकारी कागद म्हणतात.

हे फक्त गाईचंच नाही. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापुरात बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. भारतातली ती पहिली नोंद. हाच विषाणू १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये माणसांपर्यंत पोहोचला होता, २००५ मध्ये चीनच्या चिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी त्याने मेले होते. रोग सापडला नंदुरबारच्या एका तालुक्यात आणि चिकनचा खप कोसळला देशभर. रेल्वेच्या जेवणातूनही चिकन काढून टाकलं गेलं. नाशिक-पुण्याच्या ज्या शेडमध्ये एकही कोंबडी आजारी नव्हती, तिथल्या माणसाने नवापूरचा दंड भरला. पुढे २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबड्यांना काहीच झालं नव्हतं. चीनमध्ये माणसांचा एक नवा आजार आला होता आणि तो चिकन खाऊन होतो, अशी अफवा मोबाइलवरून फिरली. उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली कोंबडी विकली गेली, काहींनी ती फुकट वाटली. करार पद्धतीने शेड चालवणाऱ्यांच्या शेड रिकाम्या राहिल्या आणि शेडच्या कर्जाचे हप्ते चालू राहिले. कोंबडीखाद्याची मागणी आटली म्हणून मकाही पडला. त्या वर्षी मक्याचा हमीभाव क्विंटलला १,७६० रुपये होता, बाजारात दर त्याच्या बराच खाली गेला. ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही, त्या मका पिकवणाऱ्यापर्यंत ही झळ पोहोचली. शासनाचं पहिल्याच आठवड्यातलं एक ठाम, ठळक, मराठीतलं निवेदन त्या अफवेला आडवं गेलं असतं, असं मला आजही वाटतं. जे निघालं ते उशिरा निघालं आणि त्याला अफवेचा वेग नव्हता.

इतर देशांनी या बाबतीत काय भोगलं, ते थोडं सांगतो, कारण त्यांच्या अनुभवात आपल्याला फुकट शिकता येण्यासारखं पुष्कळ आहे.

ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या खुरकूत आली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका डुकरांच्या फार्मवर, नीट न उकळलेल्या खरकट्यातून ती आली असं तपासात निघालं. रोग प्रत्यक्ष सापडला तो सुमारे दोन हजार ठिकाणी, पण मारली गेली साठ लाखांहून अधिक जनावरं. त्यांतली बहुतेक निरोगी होती: कोणी शेजारच्या शेतात चरत होती म्हणून, तर कोणी वाहतूकबंदीमुळे उपाशी मरू लागली म्हणून. एकूण फटका सुमारे ८ अब्ज पौंडांचा, आणि त्यातला मोठा वाटा पर्यटनासारख्या, शेतीबाहेरच्या धंद्यांनी सोसला. देशाची सार्वत्रिक निवडणूकही ३ मेवरून ७ जूनवर गेली. ज्यांची जनावरं कत्तलीत गेली त्यांना मूल्यांकन करून भरपाई मिळाली. ज्यांची जनावरं जिवंत होती पण विकता येत नव्हती, ते मात्र बराच काळ लटकले. आमच्या तिसऱ्या गाईचं दुःख तिथेही होतं.

तैवान १९९७ पर्यंत जपानला डुकराचं मांस पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लाळ्या खुरकूत शिरली, पस्तीस लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली आणि जपानची बाजारपेठ एका झटक्यात बंद झाली. रोगमुक्तीचा दर्जा तैवानला परत मिळाला तो २०२० मध्ये. तेवीस वर्षं! तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे रुळलं होतं.

जर्मनीचं उदाहरण अगदी अलीकडचं. १० जानेवारी २०२५ रोजी बर्लिनच्या वेशीवर ह्योनो इथल्या चौदा म्हशींच्या कळपात लाळ्या खुरकूत निघाली. तीन म्हशी मेल्या, उरलेल्या माराव्या लागल्या. १९८८ नंतर जर्मनीत हा रोग पहिल्यांदाच दिसला होता. दुसरा एकही कळप बाधित झाला नाही, तरी ब्रिटन आणि दक्षिण कोरियासारख्या देशांनी जर्मनीचं मांस तातडीने थांबवलं. चौदा म्हशींमुळे एका अख्ख्या देशाच्या डुक्करपालकांना आणि दूधउत्पादकांना घोर लागला. पण त्या देशाने रोग लपवला नाही, परिसर काटेकोरपणे बंद केला, रोज माहिती जाहीर केली. मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक जर्मनीला रोगमुक्त दर्जा परत मिळाला. तैवानची तेवीस वर्षं आणि जर्मनीचे दोन महिने यांत सगळंच श्रेय उघडेपणाला देता येणार नाही, रोगाचा पसाराच वेगळा होता. तरी बाजाराचा विश्वास कशाने टिकतो ते यातून कळतं.

मला सर्वांत विचार करायला लावलं ते ऑस्ट्रेलियाने. तिथे लाळ्या खुरकूत १८७२ नंतर आलेली नाही. इंडोनेशिया १९८६ पासून या रोगापासून मोकळा होता. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये रोग जावा बेटावर परतला आणि जुलैत बालीला पोहोचला, जिथे ऑस्ट्रेलियन पर्यटकांची रीघ असते. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर जंतुनाशक चटया अंथरल्या गेल्या. रोग देशात शिरलाच तर दहा वर्षांत सुमारे ८० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा फटका बसेल, हा सरकारी अंदाज तिथल्या गावागावांत बोलला गेला. इंडोनेशियाला लस पाठवली गेली, कारण शेजाऱ्याच्या गोठ्यात टोचलेली सुई आपलाच गोठा वाचवते. रोग ऑस्ट्रेलियात आजवर आलेला नाही. त्या देशाने न आलेल्या रोगाचाही हिशेब मांडला, आकडा काढला, तो जाहीर केला आणि तो बघून खर्च केला. आपल्याकडे आलेल्या रोगाचाही पुरता हिशेब होत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. परदेशातून रोग येतात असं आपण म्हणतो तेव्हा दुसऱ्यांच्या दृष्टीने परदेश म्हणजे आपणही असतो. २००१ मध्ये ब्रिटनला ज्या विषाणूने उद्ध्वस्त केलं, तो वंश पहिल्यांदा १९९० मध्ये उत्तर भारतात ओळखला गेला होता. २०२२ मध्ये इंडोनेशियात पसरलेल्या विषाणूच्या वंशाच्या नावातच भारत आहे. त्याहून जुनी गोष्ट १९२० ची. आपल्या उपखंडातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि तिथे बुळकांडी पसरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी एकत्र येऊन पॅरिसला पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था काढली, जिच्या नोंदींचा उल्लेख मी वर केला. आणि त्याच बुळकांडीशी लढायला १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा सुरू झाली होती. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. बुळकांडी २०११ मध्ये पृथ्वीवरून कायमची संपली. पुण्यातून निघालेल्या या कामाला त्यात मोठा मान आहे. तेव्हा हे आपल्याला जमत नाही, असं कोणी म्हणू नये.

लाळ्या खुरकूतीचा प्रश्न तर थेट पैशाचा आहे. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस निर्यात झालं, किंमत सुमारे ३१,००० कोटी रुपये. ते जातं मुख्यतः व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशियासारख्या देशांत. जास्त दाम देणाऱ्या कित्येक देशांची दारं या एका रोगामुळे आपल्याला बंद आहेत. दूध आटलेल्या म्हशीला शेवटी जो भाव मिळतो, त्यातूनच नवी म्हैस घेतली जाते. म्हणजे आमच्या गोठ्यात रोग नसला तरी देशात तो आहे, एवढ्यानेच आम्ही दर म्हशीमागे काही हजार रुपये गमावतो. केंद्राने ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत १३,३४३ कोटींची मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत हा रोग संपवायचं ठरवलं. महाराष्ट्राला लवकर रोगमुक्त क्षेत्र करायचीही चर्चा आहे. त्यासाठी वर्षातून दोनदा प्रत्येक जनावराला लस टोचली जायला हवी, ती शीतसाखळी न तुटता यायला हवी, आणि कानातल्या बिल्ल्याची नोंद खरी असायला हवी. जिथे लस न टोचताच नोंद होते, तिथे पुढच्या उद्रेकाची तयारी होत असते. हे आपल्या अधिकाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

रोगमुक्त क्षेत्राची छोटी आवृत्ती कोंबड्यांच्या बाबतीत झालीही आहे: २०२३ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या २६ कुक्कुटपालन केंद्रांना बर्ड फ्लूमुक्त कप्पे म्हणून जागतिक संघटनेची मान्यता मिळाली. आनंदाची गोष्ट आहे. आता देशात कुठे बर्ड फ्लू निघाला तरी त्या केंद्रांचा माल अडण्याची शक्यता कमी झाली. पण ही सोय मोठ्या कंपन्यांना मिळाली. पाचशे-हजार कोंबड्यांची शेड चालवणाऱ्या बाईला, चार गाईंच्या गोठ्याला असा कप्पा कोण मिळवून देणार? एक-एकट्याला ते अशक्य आहे. एखादा दूध संघ, एखादा तालुका मिळून मात्र ते करू शकतो, आणि तिथे शासनाने हात द्यायला हवा.

आता मागणीकडे येतो. मला आपल्याकडून सर्वांत आधी हवी आहे ती माहिती. शेजारच्या देशात किंवा जगात कुठेही गुरांचा, कोंबड्यांचा, शेळ्या-मेंढ्यांचा गंभीर रोग जाहीर झाला आणि त्याची आपल्याकडे यायची वाट संभवते, की आपल्या खात्याने साध्या मराठीत इशारा काढावा. हवामान खातं पावसाचा इशारा देतं, तसाच. रोग कुठे आहे, कसा पसरतो, येण्याची शक्यता कितपत, आल्यास बाजार आणि वाहतुकीवर काय होईल, आज काय करायचं आणि काय घाबरून करायचं नाही. हा कागद दूध संकलन केंद्रावर लागावा, ग्रामपंचायतीत लागावा, बाजार समितीच्या फाटकावर लागावा. यातून घबराट माजेल असं काही अधिकारी म्हणतील. २०२० मध्ये घबराट माजली ती माहिती नव्हती म्हणूनच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पशुआरोग्यासाठी अडीच कोटी डॉलरचा आंतरराष्ट्रीय निधी देशाला मिळाला आहे, त्याचा एक हेतू रोगाची आधी चाहूल घेणं हाच आहे. ती चाहूल गोठ्यापर्यंत आणायचं काम राज्याचं.

भरपाईचा दर ठरवताना जनावराची बाजारातली किंमत धरा. वेत, दूध आणि जात बघून तालुकावार दर वर्षातून एकदा जाहीर करता येतील, बाजार समित्यांकडे सौद्यांच्या पावत्या आहेतच. २००९ च्या केंद्रीय कायद्याने रोगाची शंका आली की कळवायचं बंधन पशुपालकावर घातलं आहे. पण कळवणाऱ्याच्या पदरात काय पडतं, याचा विचार करा. कळवलं तर गावाचा बाजार बंद, शेजाऱ्यांचा रोष, आणि लाखाच्या गाईला तीस हजार, तेही कधी हातात पडतील याचा भरवसा नाही. गप्प राहिलं तर आजारी जनावर रातोरात विकून टाकता येतं आणि रोग पुढच्या तालुक्यात जातो. खरं बोलणं परवडलं पाहिजे. ज्याने पहिल्या दिवशी कळवलं त्याला पूर्ण आणि लवकर भरपाई, हा नियम एकदा गावात दिसू द्या, मग किती फोन येतात ते बघा.

बाजारबंदीचं नुकसानही मोजायला सुरुवात करा. बंदीच्या काळात पशुपालनाच्या कर्जाचे हप्ते आपोआप पुढे ढकलले जावेत, व्याज न चढता. यासाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीत आपण बोलू शकता. विमा योजनेत २०२४ पासून पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आला आहे. चांगला निर्णय, पण आमच्या भागात कित्येकांना तो ठाऊकच नाही. त्यातही विमा मरणाचाच आहे. साथीत दूध आटलं, जनावर गाभडलं, बाजार बंद झाला, याला विम्यात जागा नाही. एखाद्या जिल्ह्यात हे संरक्षण प्रयोग म्हणून देऊन बघा. अहिल्यानगर घ्या, सोलापूर घ्या, जिथे गाई जास्त आहेत तिथे.

आणि लस. लम्पीची स्वदेशी लस बनवण्याचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या पुण्याच्या पशुजैविक उत्पादन संस्थेला देण्याचा करार नागपुरात झाला. या संस्थेकडे कोणत्या रोगाच्या किती मात्रा साठ्यात आहेत, किती बनू शकतात आणि उद्या उद्रेक झाला तर किती दिवसांत राज्यभर पोहोचतील, हे दर महिन्याला संकेतस्थळावर जाहीर व्हावं. धरणातला पाणीसाठा जाहीर होतो, मग लसीचाही व्हायला हरकत नसावी.

लम्पी गेलेला नाही. २०२३ मध्ये तो वासरांवर पुन्हा उतरला होता. २०२५ मध्ये इटली, फ्रान्स आणि स्पेनमध्ये तो पहिल्यांदाच पोहोचला. माश्या-डासांचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो, म्हणून पहिलं इशारापत्रक मे महिना संपायच्या आत निघावं आणि लसीकरण त्याच्याही आधी पुरं व्हावं. बाकीच्या मागण्यांपैकी कोणती आपल्याला मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे येत्या अधिवेशनात सभागृहात सांगावं, म्हणजे ते कामकाजात नोंदलं जाईल आणि आम्हाला त्याचा पाठपुरावा करता येईल.

आपला नम्र,
संगमनेर तालुक्यातील एक दूधउत्पादक